पायाखालची वीज : उपकेंद्राशेजारी राहणाऱ्यांसाठी



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून सीमाभागाच्या इतिहासापर्यंत अनेक विषय झाले. यंदा एका होमिओपॅथीच्या डॉक्टराने विजेच्या अर्थिंगवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मी शोधत गेलो नव्हतो. तो माझ्या दवाखान्याच्या दारातून आत आला.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढात एक बाई माझ्याकडे आल्या. वय पन्नाशीच्या पुढे. तक्रार एकच, उजव्या हाताला मुंग्या येतात. साखर तपासली, ठीक होती. मानेचा एक्स-रे काढला, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज दिसली. मी औषध दिले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, फरक नव्हता. औषध बदलले. तिसऱ्या खेपेला मी त्यांना ते विचारले, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. त्रास कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, याला आमच्या शास्त्रात रोगाच्या नावाइतकेच महत्त्व आहे.

“मुंग्या नेमक्या केव्हा येतात?”

“कपडे वाळत घालताना, डॉक्टर. पाऊस पडून गेलेला असला की जास्त.”

“घरात वाळत घातले तर?”

“घरात नाही येत. घरात दोरी आहे, बाहेर तार आहे.”

त्या तारेचे एक टोक त्यांच्या परसातल्या लाकडी खांबाला होते आणि दुसरे मागच्या ११० केव्ही उपकेंद्राच्या लोखंडी कुंपणाला. तार बारा मीटर लांब. ती बांधून आठ-दहा वर्षे झाली होती. उपकेंद्र बांधले तेव्हा आसपास शेते होती. पुढे वसाहत सरकत सरकत कुंपणाला येऊन टेकली. आपल्या प्रत्येक गावाची आज हीच गोष्ट आहे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त विद्युत अभियंते आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना घेऊन मी त्या परसात गेलो. अण्णांनी ओल्या मातीत एक सळई ठोकली आणि ती व कपड्यांची तार यांच्यामध्ये मीटर लावला. काटा आठ व्होल्टवर थांबला. ते म्हणाले, “आठ व्होल्टने माणूस दगावत नाही. पण इथे शून्याऐवजी आठ का आहेत, हे समजले तर तुम्ही ही तार संध्याकाळपर्यंत ठेवणार नाही.”

पुढे अण्णांनी चार-पाच संध्याकाळी मला जे समजावले आणि मग मी स्वतः जे वाचले, ते तुमच्यापुढे मांडतो. गणित थोडे आहे, पण गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

वीज जमिनीत मुरते का?

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की अर्थिंग म्हणजे विजेचे शोषखड्ड्यासारखे काहीतरी. नको असलेली वीज जमिनीत सोडली की ती मुरली, संपले. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठ-कोळसा भरतो, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततो, त्यामुळे ही समजूत आणखी पक्की होते.

वीज जमिनीत मुरत नाही. विद्युतधारा नेहमी जिथून निघाली तिथे परत जाते. उपकेंद्रात एखादी उच्च दाबाची तार तुटून लोखंडी सांगाड्यावर पडली, किंवा विजेच्या कडकडाटात एखादा चिनीमातीचा इन्सुलेटर फुटला, तर हजारो ॲम्पिअरची धारा त्या सांगाड्यातून जमिनीत उतरते. ती मैलोगणती दूर असलेल्या दुसऱ्या केंद्रातील ट्रान्सफॉर्मरकडे परत निघते. तिचा काही भाग मनोऱ्यांच्या टोकावरून जाणाऱ्या संरक्षक तारेतून जातो, आणि उरलेला मातीतून.

मातीतून जाताना तिला रोध होतो. आणि जिथे धारा व रोध एकत्र येतात तिथे विभवांतर निर्माण होते. हा ओहमचा नियम आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे त्या क्षणी उपकेंद्राची जमीन “शून्य” राहत नाही. सांगाडे, कुंपण, पायाखालची माती, सगळेच वर उचलले जाते.

एक ओहमचा हिशेब

समजा, पन्नास मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद असे एक उपकेंद्र आहे. त्याच्या जमिनीखाली लोखंडी पट्ट्यांची जाळी पुरली आहे. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर, म्हणजे मध्यम. सूत्राने या जाळीचा रोध साधारण १ ओहम येतो. एक ओहम हा आकडा ऐकायला फार चांगला वाटतो. अर्थिंग चांगले आहे का, असे विचारले की “एक ओहमच्या आत आहे” असे उत्तर मिळते आणि विचारणारा समाधानाने घरी जातो.

आता दोष होऊन मातीत ३००० ॲम्पिअर उतरले असे धरू. ३००० गुणिले १, म्हणजे ३००० व्होल्ट. एक ओहम असूनही त्या क्षणी उपकेंद्राची जमीन दूरच्या जमिनीपेक्षा ३००० व्होल्टने वर असते. ब्रेकर पडेपर्यंत, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग ते अर्धा सेकंद, ती तशीच राहते.

हे एखाद्या टेकडीसारखे समजा. उपकेंद्र हा टेकडीचा माथा. कुंपणाबाहेर उतार सुरू होतो, तो आधी तीव्र आणि मग मंद होत जातो. आपल्या उदाहरणात कुंपणापासून बारा मीटरवर मातीचा विभव निम्म्यावर येतो, म्हणजे १५०० व्होल्ट. अठ्ठावीस मीटरवर तो एक तृतीयांश, १००० व्होल्ट. दोन-चार घरे तरी या उतारावर असतातच.

टेकडीवर उभे राहण्यात स्वतःचा असा धोका नाही. तुम्ही, तुमचे घर, तुमची फरशी एकाच उंचीवर असाल तर तुमच्या अंगातून काहीच वाहत नाही. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, ते याच कारणाने. धोका दोन वेगळ्या उंचींना एकाच वेळी शिवण्यात आहे.

पाय जिथे आहेत तिथल्या मातीचा विभव एक आणि हात ज्याला लागला त्या लोखंडाचा दुसरा, तर हातापासून पायापर्यंत धारा वाहते. याला स्पर्श-विभव म्हणतात. एक पाय उताराच्या वर आणि दुसरा खाली, तर एका पायातून दुसऱ्या पायात वाहते. ते पाऊल-विभव. तिसरा प्रकार लांबून येतो. टेकडीच्या माथ्याला जोडलेली तार, नळ किंवा कुंपण लांबवर गेले, तर ते माथ्याचा विभव जसाच्या तसा खाली घेऊन येते. हा स्थलांतरित विभव. हा सर्वांत फसवा, कारण तो जिथे चावतो तिथून उपकेंद्र दिसतही नसेल.

आता त्या परसातल्या तारेकडे पुन्हा पाहा. कुंपण उपकेंद्राच्या जाळीला जोडलेले होते, म्हणून तार म्हणजे माथा. बाई बारा मीटर खाली ओल्या मातीत अनवाणी उभ्या. रोजच्या व्यवहारात तिन्ही फेजवरचा भार अगदी सारखा नसतो, त्यामुळे थोडी धारा कायमच जाळीतून मातीत जात असते. आठ व्होल्ट तिचे होते. आपल्या उदाहरणातला दोष त्या ठिकाणी झाला असता तर आठाच्या जागी १५०० व्होल्ट आले असते. मी जिला मानेची झीज समजत होतो, ती त्या परसाने दिलेली सूचना होती.

शरीर किती सोसते

इथून पुढचा प्रांत माझा आहे.

शरीराला इजा होते ती त्यातून किती धारा किती वेळ गेली यावर. सुमारे एक मिलिॲम्पिअरला झिणझिणी जाणवते. त्याच्या दहापट झाली की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेत बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही सुटकेची मर्यादा मोजली. पुरुषांची सरासरी १६ मिलिॲम्पिअर भरली आणि स्त्रियांची साडेदहा. साठ ते शंभर मिलिॲम्पिअरच्या घरात धारा काही काळ छातीतून गेली तर हृदयाची खालची दालने लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते.

हृदय थरथरू लागण्याच्या मर्यादेचे प्रयोग माणसांवर करता येत नव्हते. ते मेंढ्या, वासरे, कुत्री, डुकरे यांच्यावर झाले आणि त्यांवरून माणसाचा हिशेब बांधला गेला. जैन घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ते वाचताना जड गेले. पण आज जगभरची उपकेंद्रे त्या मुक्या जिवांनी दिलेल्या आकड्यांवर उभी आहेत. ते आकडे हाताशी असून निष्काळजीपणा केला, तर त्यांचे जाणे फुकट गेले असे होईल.

त्या प्रयोगांतून आलेले सूत्र सोपे आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसाला सोसेल अशी धारा म्हणजे ०.११६ भागिले वेळेचे वर्गमूळ. वेळ सेकंदांत, उत्तर ॲम्पिअरमध्ये. सत्तर किलोच्या माणसासाठी ०.११६ च्या जागी ०.१५७ घ्यायचे. अर्ध्या सेकंदासाठी पन्नास किलोवाल्याची मर्यादा ०.१६४ ॲम्पिअर येते. ब्रेकर सेकंदाच्या दहाव्या भागात पडला तर तीच मर्यादा ०.३६७, म्हणजे दुपटीहून जास्त. वेळ वाचवणे म्हणजे जीव वाचवणे, हे इथे अक्षरशः खरे आहे.

शरीराचा रोध १००० ओहम धरतात. तळव्याखालच्या मातीचाही थोडा रोध त्यात मिळतो. आपल्या मध्यम मातीवर अनवाणी उभ्या माणसासाठी एकूण ११५० ओहम होतात. ०.१६४ ने गुणले की सुरक्षित स्पर्श-विभव सुमारे १८९ व्होल्ट येतो. आणि दोषाच्या वेळी त्या कपड्यांच्या तारेवर आले असते १५००. धारा मर्यादेच्या आठपट झाली असती.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उपकेंद्राच्या आत फक्त शिकलेले, धडधाकट, बूट घातलेले कामगार वावरतात, म्हणून तिथे सत्तर किलोचे सूत्र वापरले जाऊ शकते. कुंपणाला बाहेरून कोण हात लावतो? तुमची आई, तुमची सून, चेंडू आणायला धावलेला नातू. म्हणून लोकवस्तीकडच्या बाजूला पन्नास किलोचेच सूत्र धरायला हवे. वीस किलोचे पोर त्यातही बसत नाही. त्याच्यासाठी उपाय एकच, त्याचा हात कुंपणापर्यंत पोहोचू न देणे.

जाळी, खडी आणि कुंपण

इतका मोठा विभव टाळता येत नसेल तर मग करायचे काय? टेकडी सपाट करता येत नाही, पण तिचा माथा सपाट करता येतो. उपकेंद्राच्या अर्थिंगचे सगळे कसब या एका कल्पनेत आहे.

जमिनीखाली अर्ध्या मीटरच्या आसपास खोलीवर पट्ट्यांची चौकटी-चौकटीची जाळी पुरतात. चौकट साधारण तीन ते सात मीटरची. कडेला आणि कोपऱ्यांवर तीन-तीन मीटरच्या सळया ठोकतात. अमेरिकेत तांबे वापरण्याची रीत आहे. आपल्याकडे बहुधा लोखंडी पट्टी असते, कारण तांबे महाग आणि चोराच्या नजरेत भरणारे. लोखंड गंजते, म्हणून पट्टी मुळातच जाड घ्यावी लागते. प्रत्येक सांगाडा, ट्रान्सफॉर्मरची टाकी, फाटक, सगळे या जाळीला जोडतात. मग दोष झाला तरी आतल्या माणसाचे हात आणि पाय जवळपास एकाच उंचीवर असतात. जाळीच्या कडेला मात्र उतार सर्वांत तीव्र, आणि वस्तीला लागून असते ती हीच कड.

त्यावर पसरलेली खडी तुम्ही पाहिली असेल. अनेकांना ती सांडलेले तेल झिरपण्यासाठी किंवा गवत उगवू नये म्हणून टाकली आहे असे वाटते. ती कामे ती करतेच, पण तिचे मोठे काम पायाखाली रोध उभा करण्याचे आहे. चांगल्या दगडाची स्वच्छ खडी ओली असतानाही ३००० ओहम-मीटरपर्यंत रोधकता देते. आपल्या उदाहरणात तिचा पंधरा सेंटिमीटरचा थर दिला तर सुरक्षित स्पर्श-विभव १८९ व्होल्टवरून सुमारे ७३७ वर जातो. पाऊल-विभवाची मर्यादा २६२ वरून २४५० च्या आसपास. नुसत्या दगडाच्या थराने इतका फरक पडतो. तीच खडी चिखलाने भरली, तिच्यात गवत माजले, किंवा कोणी टोपल्या भरून घराच्या पायरीसाठी नेली, तर हा फायदा जातो. खडीचा थर कुंपणाबाहेरही मीटरभर असावा लागतो, कारण कुंपणाला बाहेरून हात लावणाराही त्यावर उभा राहायला हवा.

कुंपणाचे दोन मार्ग आहेत. पहिला, कुंपण जाळीला जोडायचे आणि जाळीची एक पट्टी कुंपणाच्या बाहेर मीटरभर अंतरावरून फिरवायची. मग कुंपणाला हात लावणाऱ्याच्या पायाखालीही तीच पट्टी असते. दुसरा, कुंपण जाळीपासून अलग ठेवायचे, त्याचे अर्थिंग वेगळे करायचे, आणि दोहोंत निदान दोन मीटर अंतर राखायचे, म्हणजे एका माणसाचे हात दोन्हीकडे पोहोचणार नाहीत. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. मात्र ते एकमेकांत मिसळले की घात होतो. कुंपण अलग ठेवले आणि नंतर कोणी एखादा दिव्याचा खांब किंवा फलकाची चौकट दोन्हीकडे टेकवली, तर कुंपण माथ्याच्या विभवाला जाते आणि बाहेरच्या मातीत मात्र पट्टी नसते.

ज्याची त्याची माती

आता आपल्या भागाबद्दल. बेळगावच्या दक्षिणेला खानापूरकडे जांभा आहे, पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती. कोरड्या जांभ्याची रोधकता १००० ओहम-मीटर किंवा त्याहून जास्त असू शकते, तर ओलसर काळ्या मातीची दहाच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना तीच जाळी शंभरपट वेगळी वागू शकते. गोव्यातल्या वाचकांना जांभ्याबद्दल सांगायला नकोच. एका गावचा नकाशा दुसऱ्या गावी उचलून लावला, तर तो कागदावरच सुरक्षित राहील.

म्हणून आधी माती मोजावी लागते. पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि वेन्नर यांच्या नावाने ओळखली जाते. एका ओळीत समान अंतरावर चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून धारा सोडायची, आतल्या दोहोंत विभवांतर मोजायचे. त्यावरून निघणाऱ्या रोधाला अंतराने आणि दोन पायने गुणले की रोधकता मिळते. सळयांतले अंतर वाढवत गेले की खोलवरची माती कळते. आपल्याकडे वर हातभर माती आणि खाली कातळ असे अनेक ठिकाणी असते, ते यातून उघड होते. आणि हे मोजमाप वैशाखात व्हावे. श्रावणात मोजलेली माती सगळीच चांगली दिसते. रुग्णाला जेवणानंतर तपासायचे की उपाशीपोटी, याने साखरेचा आकडा बदलतो, तसेच हे आहे.

घरात काय येऊ शकते

उपकेंद्राच्या नियोजनात आपल्याला बोलावत नाहीत. पण स्थलांतरित विभवाची वाट पुष्कळदा आपणच तयार करून देतो. कुंपणाला बांधलेली कपड्यांची तार हे झालेच. वेलींसाठी ताणलेली तार, उपकेंद्राच्या कुंपणाला जोडून घेतलेले आपले फाटक, सायकल साखळीने अडकवणे, म्हैस कुंपणाच्या खांबाला बांधणे, हे त्याच जातीचे. जनावरांचा विषय तर वेगळाच आहे. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर असतात, त्यामुळे उतारावर तिच्या वाट्याला आपल्याहून जास्त विभव येतो. शिवाय तिच्या अंगातली धारा पुढच्या पायांतून मागच्या पायांत, म्हणजे छातीतून जाते. एकाच ठिकाणी माणूस वाचतो आणि जनावर मरते, ते यामुळे.

धातूचा पाण्याचा नळ उपकेंद्रातून निघून वस्तीत येत असेल, तर मध्ये काही मीटर प्लॅस्टिकचा तुकडा घालून तो तोडावा लागतो. आपण तो पाहून सांगू शकतो, स्वतः कापू नये. आपले अर्थिंग उपकेंद्राच्या पट्टीला जोडण्याचा मोह तर कधीच धरू नये. “ते सरकारी अर्थिंग आहे, चांगले असणार” म्हणून एका गृहस्थांनी तसे केलेले मी पाहिले आहे. त्यांनी टेकडीचा माथा स्वयंपाकघरात आणला होता.

घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी जरूर बसवा. वर सांगितलेले आकडे आठवले तर तीसच का, हे कळेल. तो घरातल्या गळतीपासून वाचवतो. पण बाहेरून नळावाटे किंवा तारेवाटे आलेल्या विभवापुढे त्याचा इलाज नाही, कारण ती धारा त्याच्यातून जातच नाही.

उच्च दाबाची तार तुटून जमिनीवर पडलेली दिसली तर तिच्याजवळ जाऊ नका, ती शांत दिसली तरी. तुम्ही आधीच जवळ असाल तर पाय जुळवून, ते जमिनीवरून न उचलता, घसटत घसटत दूर व्हा. लांब ढांग टाकली की पाऊल-विभव वाढतो. कोणाला धक्का बसला असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला शिवू नका. खात्री होताच तो श्वास घेत नसेल, हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करावी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत. थरथरत्या हृदयावर कोणत्याही पॅथीची गोळी चालत नाही, माझ्या पॅथीचीही नाही. आणि धक्का बसून उठून चालू लागलेल्यालाही इस्पितळात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. “आता बरे वाटते” यावर विसंबू नका.

चार प्रश्न

तुमच्या वसाहतीलगत उपकेंद्र असेल किंवा होणार असेल, तर वसाहतीच्या वतीने लेखी विचारावेत असे चार प्रश्न अण्णांनी मला लिहून दिले. मातीची रोधकता कोणत्या महिन्यात मोजली? दोषाच्या वेळी जमिनीचा विभव किती चढेल असा हिशेब आहे? वस्तीकडच्या कुंपणावर स्पर्श-विभव किती येतो आणि तो पन्नास किलोच्या मर्यादेत बसतो का? जाळीची शेवटची तपासणी केव्हा झाली? भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही प्रमाण संहिता आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत. म्हणून हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. माहितीच्या अधिकाराखालीही ते विचारता येतात. उत्तरात नुसते “रोध एक ओहमच्या आत आहे” असे आले, तर उरलेल्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा मागा. ते का, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

त्या परसातली तार अण्णांनी त्याच संध्याकाळी सोडवली. कुंपणापासून चार मीटर अलीकडे सिमेंटचा खांब रोवून तिथून नायलॉनची दोरी बांधली. मागच्या गल्लीत फिरलो तेव्हा कुंपणाला अडकवलेल्या अशाच आणखी तीन तारा आणि एक फाटक सापडले. संबंधित कार्यालयाला अर्ज केला. उत्तर आले नाही, म्हणून दुसरा केला. पुढच्या उन्हाळ्यात कुंपणाबाहेर खडीचा थर पडला आणि गंजलेल्या दोन पट्ट्या बदलल्या गेल्या. आमच्या अर्जामुळे की त्यांच्या नेहमीच्या कामात, हे विचारत बसण्याची आम्हाला गरज वाटली नाही.

बाईंचा हात चौथ्या दिवसापासून बरा आहे. औषध मी बंद केले. आता कोणी हातापायाला मुंग्या येतात म्हणून आले, की साखर आणि मान तपासण्याआधी मी विचारतो, “तुमच्या परसामागे काय आहे?” तुम्हीही उद्या सकाळी कपडे वाळत घालायच्या आधी तेवढे पाहून या.